सामाईक विहिरीची पाळी आणि व्हर्च्युअल मशीनचा वेग

लातूरजवळच्या एका महाविद्यालयात सर्व्हर सांभाळण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे, आणि या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य एकच आहे : "सर, आज लई स्लो चालायलंय, जरा बघा की." त्यामागून येणारी मागणीही ठरलेली असते. लेखा विभागाला रॅम वाढवून हवी असते, ग्रंथालयाला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग, वाढवून हवे असतात आणि परीक्षा विभागाला दोन्ही हवे असते. सुरुवातीला मी मागेल त्याला मागेल तेवढे देत गेलो, आणि प्रत्येक वाढीबरोबर सगळ्यांचेच काम थोडे थोडे मंदावत गेले. हे असे उलटे का घडते, हे कळायला मला बराच काळ लागला. व्हर्च्युअल मशीन हळू चालते तेव्हा ते बहुतेक वेळा कशाची तरी वाट पाहत उभे असते. म्हणून त्याला किती दिले यापेक्षा ते किती वेळ खोळंबले, हे आधी मोजावे लागते.

व्हर्च्युअल मशीन, किंवा रोजच्या बोलण्यातले व्हीएम, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा एक काल्पनिक संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम आणि स्वतःची डिस्क असल्याचा भास करून दिलेला असतो, आणि तो भास टिकवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा संगणक इतका महाग होता की तो अनेकांत वाटून वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या टेबलावरच्या इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरवर हे सहज जमत नसे. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ते निव्वळ सॉफ्टवेअरच्या करामतीने करून दाखवले, आणि २००५-०६ पासून इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. पुढे २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. नावे वेगवेगळी असली तरी सर्वांचे मूळ काम एकच आहे, आणि ते म्हणजे वाटणी.

वाटणीचा विषय मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भावाभावांत जमीन वाटली जाते, बांध पडतात, पण विहीर काही फोडता येत नाही. सातबाऱ्यावर तिचा हिस्सा लागतो आणि प्रत्येकाची पाळी ठरते. आपल्या पाळीत संपूर्ण विहीर आपलीच असते आणि पाळी संपली की मोटार बंद करून बाजूला व्हायचे असते. हायपरवायझर प्रोसेसरच्या बाबतीत हेच करतो, फक्त त्याच्या पाळ्या दिवसांच्या नसून सेकंदाच्या काही हजाराव्या भागांच्या असतात. व्हीएमला आपण जो 'व्हीसीपीयू' देतो तो खरा कोअर नसून त्या पाळीवरचा हक्क असतो. सर्व्हरमध्ये १६ कोअर असतील तरी व्हीएमना मिळून ४० किंवा ५० व्हीसीपीयू देता येतात, कारण सगळ्यांना एकाच क्षणी पाणी लागत नाही.

गडबड होते ती मोठ्या हिश्श्याच्या हट्टामुळे. समजा, एका भावाने सांगितले की माझे रान एका वेळी आठ मोटारी लावूनच भिजले पाहिजे. विहिरीवर सोळा मोटारींची जागा आहे, पण त्यातल्या दहा-बारा इतरांनी धरलेल्या आहेत. आता आठ जागा जवळपास एका वेळी मोकळ्या होईपर्यंत हा थांबणार, आणि ज्याला एकच मोटार लावायची आहे तो मधल्या फटीत येऊन भिजवून जाणार. आजचे हायपरवायझर सगळे कोअर अगदी एकाच क्षणी मोकळे असण्याचा आग्रह धरत नाहीत हे खरे. पण व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरमध्ये एखाद्या व्हीएमचा एक व्हीसीपीयू फार पुढे गेला आणि बाकीचे मागे राहिले, तर पुढच्याला मुद्दाम थांबवले जाते. केव्हीएममध्ये असे थांबवत नाहीत, पण तिथे दुसरा घोळ होतो : ज्या व्हीसीपीयूच्या हातात कुलपाची किल्ली आहे त्याचीच पाळी संपते आणि बाकीचे दाराशी नुसते घुटमळत राहतात.

हा खोळंबा मोजता येतो. ईएसएक्सआयमध्ये त्याला 'सीपीयू रेडी' म्हणतात, म्हणजे व्हीएम कामाला तयार होते पण पाळी आलेली नव्हती असा वेळ. त्याच्या चालू आलेखात दर २० सेकंदांमागे किती मिलिसेकंद थांबावे लागले हा आकडा दिसतो. २० सेकंद म्हणजे २०,००० मिलिसेकंद, म्हणून एका व्हीसीपीयूसाठी १,००० हा आकडा दिसला तर तो ५ टक्के वेळ रांगेत होता. चार व्हीसीपीयूंची बेरीज ४,००० दिसली तरी अर्थ तोच, कारण ती चारने भागायची असते. हे न भागल्यामुळे घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि सुरुवातीला त्यांत मीही होतो. साधारणपणे ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेता येते आणि १० टक्क्यांच्या पुढे माणसाला ते जाणवू लागते. लिनक्स व्हीएमच्या आत 'टॉप' ही आज्ञा दिली की शेवटी जो 'एसटी' नावाचा आकडा येतो, तो याच जातीचा आहे.

आमच्या लेखा विभागाच्या व्हीएमला मी मागण्यांपुढे मान तुकवत ८ व्हीसीपीयू दिले होते. दिवसभराचा त्यांचा वापर १० टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे आठात मिळून पुरता एक कोअरही लागत नव्हता. खोळंबा मात्र १२ टक्के होता. एका रविवारी ते व्हीएम बंद करून मी ८ चे २ केले आणि कोणालाही काही बोललो नाही. सोमवारी लेखापालांनी स्वतःहून विचारले, "नवी मशीन बसवली का?" त्यांना कारण सांगितले तेव्हा ते नाराज झाले, कारण त्यांच्या मते सहा कोअर त्यांच्या हक्काचे होते. तेव्हापासून नवे व्हीएम २ व्हीसीपीयूंनीच सुरू करायचे आणि दोन आठवड्यांची मोजणी पाहून मगच वाढवायचे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरवर आणखी एक पथ्य पाळावे लागते : प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी त्याची स्वतःची रॅम असते, म्हणजे विहिरी खरे तर दोन असतात, आणि एकीच्या आवाक्यात न मावणारे व्हीएम केले की त्याला दुसऱ्या विहिरीवरून लांब पाइप टाकून पाणी आणावे लागते.

रॅमची वाटणी निराळी आहे, कारण रॅमला पाळी नसते. जी जागा एकाने अडवली ती त्याने सोडेपर्यंत अडलेलीच राहते. शिवाय व्हीएमच्या आतले विंडोज किंवा लिनक्स मोकळी रॅम कधी मोकळी ठेवत नाही. वाचलेल्या फाइली ते तिथे साठवून ठेवते, त्यामुळे 'रॅम भरली' हे दृश्य अनेकदा फसवे असते. यावर हायपरवायझरकडे फुग्याची एक युक्ती आहे. व्हीएमच्या आत ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. सर्व्हरची रॅम कमी पडू लागली की हायपरवायझर त्या ड्रायव्हरला फुगायला सांगतो, म्हणजे तो आतल्या विंडोजकडे रॅम मागू लागतो. विंडोज आपल्या दृष्टीने सर्वांत बिनमहत्त्वाची पाने, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, त्याला देते आणि ती पाने हायपरवायझर मागच्या दाराने दुसऱ्या व्हीएमला वापरायला देतो. कोणते पान बिनमहत्त्वाचे हे घरच्यालाच ठाऊक असते, म्हणून निवड घरच्याकडून करून घ्यायची, हे यातले मर्म आहे. फुगा थोडा फुगलेला दिसणे ही सूचना समजावी. त्याही पुढे जाऊन हायपरवायझरने स्वतः व्हीएमची रॅम डिस्कवर लिहायला सुरुवात केली, म्हणजे स्वॅप सुरू झाला, तर मात्र सगळी कामे सोडून तिकडे पाहावे. कारण हायपरवायझरला आतले काही कळत नाही आणि तो हाताला येईल ते पान उचलून बाहेर टाकतो.

तरीही माझ्या अनुभवात सर्वांत मोठी रांग लागते ती डिस्कपाशी, आणि नेमके तिकडेच कोणी पाहत नाही. फिरत्या डिस्कचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो; सुई योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी साधारण ८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे इकडून तिकडून गोळा करायच्या प्रत्येक छोट्या वाचनाला सुमारे साडेबारा मिलिसेकंद, अर्थात सेकंदाला ८० वाचने. अशा सहा डिस्क एकत्र जोडल्या तरी ४८० होतात. त्या 'रेड-५' पद्धतीने जोडल्या असतील तर प्रत्येक छोट्या लेखनासाठी चार हालचाली कराव्या लागतात, म्हणजे नुसते लेखनच असेल तर ४८० चे १२० उरतात. साधा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करतो, कारण त्यात फिरणारे काही नसते.

आता या आकड्यांवर एक सकाळ बसवून पाहू. संगणककक्षात ६० व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरवर चालणारी आणि टेबलावरच्या पडद्यावर नुसती दिसणारी व्हीएम, आहेत आणि एक डेस्कटॉप सुरू होताना, हिशेबापुरते धरू, १०,००० छोटी वाचने करतो. सगळे एकदम सुरू झाले तर ६ लाख वाचने. सेकंदाला ४८० च्या गतीने १,२५० सेकंद, म्हणजे जवळपास २१ मिनिटे. पन्नास मिनिटांच्या तासातली वीस मिनिटे विद्यार्थी गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहत बसतील, आणि या संपूर्ण वेळात सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसेल. याला बूट स्टॉर्म म्हणतात. दुपारी बारा वाजता सगळ्या डेस्कटॉपवरचे अँटिव्हायरस एकदम तपासणीला लागले की हेच वादळ पुन्हा येते.

आपल्याकडे त्यात विजेची भर पडते. लाइट जाते, यूपीएस अर्धा तास तग धरतो, सर्व्हर बंद पडतो. आणि लाइट आली की सगळी व्हीएम एकमेकांना ढकलत एकाच वेळी उठू पाहतात. ज्या व्हीएमकडे सर्वांची नावे आणि पासवर्ड आहेत तेच अजून उठलेले नसते, म्हणून बाकीची उठूनही ओळख पटवण्यासाठी ताटकळतात. यावर उपाय फुकटचा आहे. ईएसएक्सआय आणि केव्हीएमवर उभे असलेले प्रॉक्समॉक्स या दोन्हींत व्हीएम सुरू होण्याचा क्रम आणि मधला अवकाश ठरवता येतो. आधी डोमेन कंट्रोलर, म्हणजे नावे आणि पासवर्ड सांभाळणारे ते व्हीएम, मग डेटाबेस, मग ज्या सॉफ्टवेअरला तो डेटाबेस लागतो ते, आणि डेस्कटॉप सर्वांत शेवटी, पाच-पाचच्या गटाने. आमचे डेस्कटॉप रोज सकाळी सव्वाआठपासून टप्प्याटप्प्याने आपोआप उठतात, तास नऊला असतो. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हरने व्हीएम नीट बंद करावीत अशी जोडणीही करून ठेवावी. बाजारात यूपीएससोबत ती तार मिळते आणि बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच पडून राहते.

डिस्कच्या जागेचाही एक सापळा आहे. 'थिन' पद्धतीने डिस्क दिली की व्हीएमला कागदावर १०० जीबी दिसतात, प्रत्यक्षात त्याने लिहिले तेवढीच जागा भरते. पतसंस्था जशी सगळे ठेवीदार एका दिवशी येणार नाहीत या भरवशावर चालते, तसाच हा व्यवहार आहे, आणि सगळे एका दिवशी आले की काय होते हे मराठवाड्यातल्या माणसाने निराळे ऐकायला नको. माझ्यावर ती वेळ स्नॅपशॉटमुळे आली. लेखा विभागाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी मी एका शुक्रवारी त्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला. अद्ययावतीकरण सुरळीत झाले आणि मी स्नॅपशॉट विसरलो. स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे. तो घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचे प्रत्येक लेखन एका वेगळ्या फाइलीत जाते, जी वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. सात आठवड्यांनी, ३१ मार्चला दुपारी, डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क जिथे ठेवतात ती सामाईक जागा, काठोकाठ भरले आणि त्यावरची सगळी व्हीएम जागच्या जागी थबकली. स्नॅपशॉट काढून टाकायला गेलो तर ती मोठी फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळायलाच रात्रीचे अकरा वाजले. व्हीएमवेअरचे स्वतःचे सांगणे असे आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत ३२ पर्यंत घेता येत असले तरी दोन-तीनच ठेवावेत. मी आता स्नॅपशॉटच्या नावातच तो पुसायची तारीख लिहितो. बॅकअप मात्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या खोलीत. कारण मूळ डिस्क गेली की तिच्यावर उभा असलेला स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातो.

व्हर्च्युअल डेस्कटॉपकडे अनेक महाविद्यालयांचे लक्ष अलीकडे वळले, त्याला एक साधे कारण आहे. विंडोज १० चे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना घेत नाही. मग जुना संगणक नुसता खिडकी म्हणून वापरायचा आणि खरा डेस्कटॉप सर्व्हरवर चालवायचा, असा विचार पुढे येतो. यात जीव असतो तो 'गोल्डन इमेज' म्हणजे एका निगुतीने तयार केलेल्या मूळ डेस्कटॉपमध्ये, ज्याच्यावरून साठांचे साठ काढले जातात. तो तयार करताना सजावट काढावी, न लागणारी ॲप काढावीत आणि डिस्क नीट लावण्याचे आपोआप चालणारे काम बंद करावे. एका डेस्कटॉपमध्ये वाचवलेली लहानशी गोष्ट साठपट होऊन परत येते. शिवाय साठही जण एकाच मूळ डिस्कवरून वाचत असले की तीच पाने सर्व्हरच्या रॅममध्ये धरून ठेवता येतात, आणि वर केलेल्या ६ लाख वाचनांपैकी फार थोडी प्रत्यक्ष डिस्कपर्यंत पोहोचतात.

असे डेस्कटॉप बहुधा रोज पुसले जातात. विद्यार्थी बाहेर पडला की ते पुन्हा मूळ रूपात येतात. व्हायरस असो की कोणीतरी बदललेला वॉलपेपर असो, दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. कार्यालयात मात्र यामुळे एक तक्रार आली. आमच्या टंकलेखिका बाईंचा इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक रोज सकाळी नाहीसा होई, आणि पत्राची पहिली ओळ रोज इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत उमटे. बाई आठवडाभर गप्प राहिल्या, कारण चूक आपलीच असावी असे त्यांना वाटत होते. असे प्रश्न दोन ठिकाणी सोडवायचे असतात : जे सर्वांना लागते, जसे मराठी फॉन्ट आणि कळफलक, ते मूळ डेस्कटॉपमध्येच बसवायचे, आणि जे एकट्याचे आहे, जसे मेलची मांडणी किंवा जतन केलेले पत्ते, ते त्या व्यक्तीच्या प्रोफाइलमध्ये वेगळे ठेवायचे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतलेले एफएसलॉजिक्स हेच करते. माणसाचे प्रोफाइल एका आभासी डिस्कच्या फाइलीत असते आणि लॉगिन करताना ती डिस्क जोडली जाते, फाइली इकडून तिकडे नेत बसावे लागत नाही. प्रोफाइल सर्व्हर फिरत्या डिस्कवर ठेवला तर मात्र नऊ वाजताची रांग डेस्कटॉपऐवजी तिथे लागेल, एवढे ध्यानात ठेवावे.

नेटवर्कबद्दल थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपचे चित्र पाठवणाऱ्या पद्धती बदललेलाच भाग पाठवतात, त्यामुळे कार्यालयीन कामाला रुंद पाइप लागत नाही. लागतो तो कमी उशीर. दाबलेली कळ सर्व्हरपर्यंत जाऊन अक्षर परत येईपर्यंतचा हा प्रवास असतो. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असला आणि मुंबई लातूरपासून सुमारे ५०० किलोमीटर धरली, तरी जाऊन यायला ५ मिलिसेकंद पुरतात. पिंगमध्ये, म्हणजे जाऊन यायला लागणारा वेळ मोजणाऱ्या आज्ञेत, ९० किंवा १२० मिलिसेकंद दिसत असतील तर वरचा सगळा वेळ वाटेतल्या उपकरणांच्या रांगांत गेलेला असतो, आणि तो वेळ सर्व्हरला रॅम वाढवून कमी होत नाही. तालुक्याच्या शाखेतून तक्रार आली की मी आधी पिंग पाहतो, तेही सकाळी सात वाजता आणि दुपारी बारा वाजता, दोन्ही वेळचे.

दहा-पंधरा जणांना केवळ हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि मराठी टंकलेखन हवे असेल, तर प्रत्येकाला वेगळा व्हर्च्युअल डेस्कटॉप देण्याची हौस करू नये, असे माझे मत आहे. एकाच विंडोज सर्व्हरवर प्रत्येकाचे वेगळे सत्र उघडून देता येते. पंधरा विंडोजच्या जागी एकच सांभाळावी लागते आणि रॅमही कितीतरी कमी लागते. दुसऱ्या टोकाला त्रिमितीय चित्रे काढणारी मंडळी असतात. त्यांना ग्राफिक्स कार्ड लागते, आणि सर्व्हरमधले एक कार्ड अनेकांत वाटायचे तर त्या कार्डाची आणि परवान्याची किंमत संगणकांच्या किमतीच्या पुढे जाते. आमच्या स्थापत्य विभागाचे बारा संगणक म्हणूनच मी सर्व्हरवर नेलेले नाहीत. ते त्यांच्या टेबलांखाली होते तिथेच आहेत, आणि दर दिवाळीच्या सुटीत त्यांतली धूळ ब्लोअरने काढतो.